सिस्टरच्या गाडीने प्यायलेलं तेल

इस्पितळात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सिस्टर बाहेर पडल्या, तेव्हा लोकांना वाटलं, आता या घरी बसून आराम करतील. पण सिस्टरांच्या पायांना बसायची सवयच नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, नळ्या बदलायच्या, असं काम त्यांनी सुरू केलं. दिवसाला सात-आठ घरं. त्यातली काही शहराच्या पार टोकाला, काही टेकडीवर, जिथे रस्ता म्हणजे नुसता नावापुरता. स्कूटरची लहान चाकं तिथे हाय खात. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी चक्क मोटारसायकल घेतली.

"अगं वहिनी, या वयात?" नणंदेने विचारलं.

"पेट्रोल गाडीत घालायचंय, माझ्यात नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि विषय संपला.

दोन महिने दृष्ट लागावी अशी गाडी चालली. मग एके दिवशी सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सांगितलं, "बाई, मागे निळा धूर निघतोय बघा." सिस्टर खाली उतरल्या. इंजिनाच्या अंगाला तेल दिसण्यासाठी एक गोल काच असते, तिच्यात वाकून पाहिलं. काच कोरडी ठणठणीत. तेल बदलून महिनासुद्धा झाला नव्हता.

त्या तडक सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथला सुपरवायझर कडक इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला मोठा गोड. "नवीन गाडी आहे मॅडम, अंग मोकळं होतंय तिचं. थोडंफार तेल खातेच." त्याने तेल भरून दिलं. तीन आठवड्यांनी काच पुन्हा कोरडी. आता तो म्हणाला, "तुम्ही खालच्या गिअरवर ताणत असाल." तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्याने सुरुवात केली, "कसं असतं मॅडम, बायकांना क्लचचा अंदाज..." आणि सिस्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. या नजरेने भलेभले डॉक्टर वाक्य अर्धवट सोडत. त्यानेही सोडलं.

"खातेच म्हणता, तर किती खाते?" सिस्टरांनी विचारलं. "किती खाल्लं म्हणजे आजार म्हणायचा?"

"असं काही माप नसतं हो."

सिस्टर घरी आल्या त्या धनुष्यातून बाण सुटावा तशा तावातावाने. चहाही न घेता त्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ते पुस्तक कुणी वाचत नाही. घेतल्या दिवशी कपाटात जातं ते गाडी विकतानाच बाहेर येतं. सिस्टरांनी मात्र पहिल्या पानापासून वाचलं. चौऱ्याऐंशीव्या पानावर माप सापडलं. हजार किलोमीटरमागे शंभर मिलीपेक्षा जास्त तेल लागलं, तर गाडी दाखवा. आणि वॉरंटीच्या पानावर लिहिलं होतं की, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर कंपनीच्याच सेंटरला केल्या असतील तर इंजिनाच्या आतल्या भागांची जबाबदारी दोन वर्षं कंपनीची. सिस्टरांच्या पुस्तकात एकही शिक्का चुकलेला नव्हता.

"मला रकाने आखून द्या," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत चित्रकलेचे मास्तर. त्यांनी वहीत पट्टीने झोकात रकाने आखले: तारीख, किलोमीटर, तेलाची पातळी, घातलेलं तेल, शेरा. रोज सकाळी मागच्या अंगणातल्या त्याच सपाट फरशीवर गाडी मोठ्या स्टँडला लावायची, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि मगच काचेत बघायचं. कमी असेल तर तेल घालायचं ते पन्नास मिलीच्या मोठ्या सिरिंजने, मोजून.

मास्तर दारात उभे राहून हसले. "इस्पितळात पेशंटच्या लघवीचा हिशोब ठेवायचीस, तसंच चाललंय की."

"तसंच आहे. आत किती गेलं, बाहेर किती आलं. बाहेर थेंब येत नाही आणि आतलं संपतंय, मग जातंय कुठे?"

थेंब येत नाही हे त्यांनी असंच म्हटलेलं नव्हतं. पंधरा दिवस उभ्या गाडीखाली त्या पांढरं फडकं पसरत होत्या. फडकं शेवटपर्यंत पांढरंच राहिलं. म्हणजे तेल गळत नव्हतं, इंजिनात जळत होतं. हजार किलोमीटर झाले तेव्हा वहीत बेरीज आली चारशे तीस मिली.

वही घेऊन त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. सुपरवायझरने पानं उलटली. "छान ठेवलंय. पण हे घरी मोजलेलं. कंपनी मानायची नाही."

"मग तुम्ही मोजा. तुमच्या हाताने भरा, तुमचं सील लावा."

"तशी टेस्ट आम्ही सहसा..."

"करणार नसाल तर जॉबकार्डावर तसं लिहा आणि खाली सही करा."

सुपरवायझरने पेन उचललं, परत ठेवलं. तेवढ्यात मागच्या शेडमधून एक म्हातारे मिस्त्री हात पुसत पुढे आले. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "साहेब, मोजायला काय हरकत आहे? खोटं असलं तर खोटं ठरेल."

मिस्त्रींनी जुनं तेल पूर्ण काढलं, नवं मापाने भरलं आणि तेल भरायच्या नि काढायच्या अशा दोन्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. कुणी उघडले तर रेघ तुटणार. सहाशे किलोमीटरला तेल खालच्या खुणेला टेकलं, तेव्हा सिस्टर परत गेल्या. मिस्त्रींनी मापाने तेल घातलं, लिहिलं, नवी रेघ ओढली. हजार पुरे झाल्यावर सगळ्यांसमोर मोजणी झाली. चारशे पन्नास.

"तुमच्या वहीत किती होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"चारशे तीस."

मिस्त्री मान डोलवत म्हणाले, "घरच्या घरी, सिरिंजने! आमच्या पोरांना शिकवायला या एकदा."

सुपरवायझरने कंपनीला कळवतो म्हणून सांगितलं. आठ दिवस गेले. त्याचं रोजचं उत्तर एकच, "वर पाठवलंय." नवव्या दिवशी सिस्टरांनी स्वतःच कंपनीला पत्र धाडलं. पाल्हाळ नाही, रडगाणं नाही. चार ओळी, वहीच्या पानांचे आणि जॉबकार्डांचे फोटो, आणि चौऱ्याऐंशीव्या पानाचाही फोटो. तिसऱ्या दिवशी फोन आला की इंजिनिअर येतोय.

आली ती तिशीतली एक चुणचुणीत मुलगी. तिने आल्याआल्या स्पार्क प्लग काढला. तो तेलाने ओला आणि काळाकुट्ट. "इंजिन उघडू या," ती म्हणाली.

"माझ्यासमोर," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्यासाठी स्टूल आलं, पण त्या बसल्या नाहीत. आयुष्यात इतकी ऑपरेशनं त्यांनी उभ्यानेच पाहिली होती. मिस्त्रींनी टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं आणि काढलेला एकेक भाग ओळीने मांडत गेले, तेव्हा सिस्टरांना त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं. हेड निघालं, सिलिंडर निघाला. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर. वरच्या दोन रिंगा ठीक होत्या. मिस्त्री तिसऱ्या रिंगशी आले आणि थांबले. चष्मा डोळ्यांवर चढवला. इंजिनिअरला बोटाने जवळ बोलावलं.

"काय आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"ही तेलाची रिंग," मिस्त्री म्हणाले. "हिच्या पोटात ही नागमोडी स्प्रिंग. हिची दोन टोकं एकमेकांना टेकायला हवीत. इथे एकावर एक चढलीत. बसवतानाच चुकलंय. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खरवडून खाली ढकलायचं हे हिचं काम. हिने ते पहिल्या दिवसापासून केलेलंच नाही. तेल वर गेलं आणि जळलं."

"म्हणजे माझ्या गिअरचा काही दोष?"

"अजिबात नाही," इंजिनिअर म्हणाली.

"आणि क्लचचा?"

"तोही नाही."

"जरा मोठ्याने सांगता का? काही लोक लांब उभे आहेत."

मुलीला हसू आवरेना. पण तिने सांगितलं, आणि असं खणखणीत सांगितलं की शेडमधले सगळे पाने-हातोडे थांबले. "गाडी चालवण्यात काहीही चूक नाही! इंजिन जोडतानाची चूक आहे. नवीन सिलिंडर, पिस्टन, रिंगा, सगळं वॉरंटीत!" एका मेकॅनिकने शिट्टी मारली. मिस्त्रींनी तर टाळ्याच वाजवल्या, तेलकट हातांनी.

सुपरवायझर कानांपर्यंत लाल झाला होता. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. पुढे येऊन म्हणाला, "चुकलं माझं, मॅडम. बघायच्या आधीच बोललो."

"कबूल केलंत, झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता पेशंट कधी घरी सोडताय?"

चार दिवस लागले. तोवर फेऱ्यांसाठी सर्व्हिस सेंटरने सिस्टरांना दुसरी गाडी दिली. दुरुस्त गाडी मिळाल्यावर सिस्टरांनी मोजणं सोडलं नाही. हजार किलोमीटरला तेल गेलं ते सिरिंजच्या टोकाशी मावेल एवढं. त्या दिवशी मास्तरांनी वहीतल्या शेवटच्या रकान्यात लाल शाईने एक मोठा सूर्य काढला.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. सुपरवायझरने जुनी जॉबकार्डं उपसली. तेलाची तक्रार घेऊन आलेले आणखी सहा जण निघाले, सगळ्यांना "थोडं खातेच" म्हणून घरी पाठवलेलं. त्याने सहाही जणांना स्वतः फोन करून बोलावलं. चौघांच्या इंजिनात तीच चूक सापडली. त्यातला एक होता घरोघर पाव पोचवणारा. सिस्टर पुढच्या सर्व्हिसिंगला गेल्या तेव्हा तो फाटकाशीच आडवा आला.

"तुम्हीच ना त्या सिस्टर? मला वाटायचं, मलाच गाडी चालवता येत नाही. बायकोही तेच म्हणायची. विकायला काढली होती मी."

"आता नाही ना म्हणत?"

"आता ती म्हणते, मला शिकवा."

"मग शिकवा की!" सिस्टर म्हणाल्या. "नाही जमलं तर माझ्याकडे पाठवा. रविवारी सकाळी मी मोकळी असते."

त्यांनी हेल्मेटचा पट्टा कसला आणि किक मारली. टेकडीवरच्या आजोबांचं ड्रेसिंग अजून बाकी होतं.