रॉक बँडला नेलेली उशी

बाबा आमच्याकडे दिल्लीतल्या द्वारकेत राहायला आले त्याला दीडेक वर्ष झालं होतं, आणि एवढ्या काळात त्यांनी स्वतःहून काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आई गेल्यावर आम्ही भुसावळचं घर बंद केलं आणि त्यांना दिल्लीला आणलं. ते वेळेवर जेवत, वर्तमानपत्र वाचत, विचारलं तर उत्तर देत. पण नवा चष्मा करू या म्हटलं, तर "आता काय करायचंय." सोसायटीतल्या बुजुर्गांबरोबर सकाळी फिरायला जा म्हटलं, तरी तेच.

खरा प्रश्न उजव्या गुडघ्याचा होता. ऑपरेशन केलं तर बाबा नीट हिंडूफिरू लागतील, लांबवलं तर हळूहळू खुर्चीला खिळतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी डॉक्टरांनाही तेच ऐकवलं, वर हसून. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. कामं अंगावर घेऊन उरकणं हा माझा स्वभाव. माझ्या फ्रिजवर कायम एक यादी असते आणि आठवड्याला ती बदलते. 'बाबा, गुडघा' ही ओळ मात्र दर नव्या कागदावर मी पुन्हा लिहीत होते. माणसाचीच इच्छा नसेल तर यादी काय करणार?

हिवाळ्याच्या तोंडावर एका रविवारी बाबा वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हे येतायत म्हणे इकडे," ते म्हणाले.

बातमीत लांब केसांच्या चार म्हाताऱ्या गोऱ्यांचा फोटो होता. बँडचं नाव मीसुद्धा ऐकलेलं होतं. ते कोणी ऐकलेलं नसतं? पण बाबांनी ते ऐकलं होतं पन्नास वर्षांपूर्वी, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. त्यांच्याबरोबरचा एक अँग्लो-इंडियन गार्ड रेकॉर्ड प्लेयर बाळगून होता, आणि ड्यूटी संपली की चार-पाच जण त्याच्या क्वार्टरमध्ये जमत. आई त्या संगीताला धुडगूस म्हणायची. पुढे त्याच धुडगुसाच्या कॅसेट आमच्या कपाटात आईच्या भावगीतांशेजारी वर्षानुवर्षं नांदल्या.

"जायचंय का तुम्हाला?" मी विचारलं.

'आता काय करायचंय'ची मी वाटच बघत होते. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "गेलो असतो."

त्याच दुपारी मी तिकिटं काढली. नवरा म्हणाला, "बाबा, तिथे भजन नसतं हं. पोरं डोकी आपटतात."

"माझं आपटून झालंय," बाबा म्हणाले. "तुमचा जन्म व्हायचा होता तेव्हा."

तिकिटं मी विचारपूर्वक निवडली होती. मैदानाचा नकाशा बघितला आणि स्टेजला अगदी लागून असलेल्या चौकोनातली दोन घेतली. दिल्लीत आम्हा मराठी माणसांचे कार्यक्रम ठरलेल्या पद्धतीने होतात. पुढच्या रांगा ज्येष्ठांच्या. तिथे खुर्च्या, मध्यंतरात चहा, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी कोणीतरी रुमाल टाकून जागा धरलेली. पुढे म्हणजे आरामात, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्यावर वेगळा विचार करायचा असतो हेच सुचलं नाही. लोखंडी घडीच्या खुर्च्या थंडीत गार पडतात, म्हणून तयारीच्या यादीत मी उशीसुद्धा लिहिली.

कार्यक्रम गुरुग्रामच्या बाहेर एका मोकळ्या मैदानावर होता. तो आधी एक दिवस पुढे गेला. धुक्यामुळे बँडचं सामान घेऊन येणारं विमान इथे उतरू शकलं नाही आणि भलत्याच शहरात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी अर्धंच सामान पोचलं, बाकीचे स्पीकर इथूनच भाड्याने आणले, अशा बातम्या दिवसभर फोनवर येत होत्या. गायकाचा घसा आपल्या हवेने धरला म्हणे. मी रजा एक दिवस पुढे सरकवली आणि बाबांना विचारलं, "राहू द्यायचं का? पैसे परत देतायत."

"त्याचं वय माझ्याएवढं आहे," बाबा म्हणाले. "तो घसा धरूनही येतोय ना?"

दुपारीच टॅक्सीने निघालो. बाबांनी स्वेटर, त्यावर कोट आणि डोक्याला माकडटोपी घातली होती. दारावर काळ्या कपड्यातल्या पोरापोरींची लांबलचक रांग होती. धुक्याने सगळंच मागे पडलं होतं, दारंसुद्धा उशिरा उघडली. तपासणीच्या टेबलावर गार्डने आमची पिशवी उपडी केली. डबा आणि पाण्याची बाटली त्याने बाजूला काढून ठेवली. मग उशी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबली.

"मैडम, यहाँ सोने आए हैं क्या?"

"कुर्सी के लिए है," मी म्हटलं.

"कौन सी कुर्सी?" तो म्हणाला, आणि उशी परत दिली.

आत गेल्यावर त्याच्या प्रश्नाचा अर्थ कळला. आमच्या चौकोनात एकही खुर्ची नव्हती. गवतावर प्लायवुड अंथरलेलं, पुढे कमरेएवढं लोखंडी कुंपण आणि त्यापलीकडे स्टेज. सगळे उभे. खुर्च्या होत्या त्या मागे, लांब, उंच गॅलरीत. त्या जागा सगळ्यात मागच्या म्हणून मी नाकारल्या होत्या.

"बाबा, इथे उभं राहायचंय," मी म्हटलं. "किती तास, सांगता येत नाही. गुडघ्याचं काय? आपण परत जाऊ."

"तू मॅडम ऑफिसात," बाबा म्हणाले. "इथे नाही. मी कुंपणाला टेकतो."

आमच्या शेजारी डोक्याला लाल रुमाल बांधलेली एक मुलगी कुंपणाला लटकून उभी होती. ती वळली. "काका, मराठी?" मग माझ्याकडे बघून, "काकू, उशी आणलीत? खरंच?" आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं. ती लातूरकडची होती. दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन नागरी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होती. घरच्यांना वाटत होतं की आज तिची चाचणी परीक्षा आहे.

"आहेच की परीक्षा," बाबा गंभीरपणे म्हणाले. "शेवटपर्यंत उभं राहायची."

अंधार पडला, धुकं खाली उतरलं, तरी स्टेजवर माणसं वायरीच ओढत होती. मागून गर्दी वाढत होती. उशिराने आत आलेले सगळे पुढे सरकत होते आणि आम्ही कुंपणावर दाबले जाऊ लागलो. एकदा कुंपण करकरून वाकलं. मी बाबांच्या पाठीशी हात टेकवून उभी राहिले.

मग स्टेजवर बँडऐवजी एक निवेदक आला. त्याने हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं, की पुढची गर्दी मागे सरकल्याशिवाय पोलीस कार्यक्रम सुरू करू देणार नाहीत. आणि दहाला लाउडस्पीकर बंद करावेच लागतात, हा कायदा आहे. तेव्हा मागे व्हा, नाहीतर शो रद्द. लोकांनी आरडाओरडा केला. थोडे मागे सरकले, कुंपणापाशी जरा मोकळं झालं. पण मिनिटभरात मागचे पुन्हा पुढे येऊ लागले. निवेदकाने तीच विनंती तीनचार वेळा केली. कुंपणाआत उभा असलेला पोलीस अधिकारी मान हलवत वायरलेसवर बोलायला लागला.

"संपलं, काकू," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रद्द करणार हे."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि सगळा भार डाव्या पायावर होता. स्टेजकडे ते ज्या नजरेने बघत होते ती मला ओळखीची होती. भुसावळच्या घराला कुलूप लावताना ती बघितली होती. आता परत गेलो तर हा माणूस पुन्हा कधी काही मागणार नाही, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

"उशी दे," बाबा म्हणाले.

"काय?"

"उशी टाक खाली. आणि धर मला."

मी प्लायवुडवर उशी टाकली. बाबा माझ्या आणि त्या मुलीच्या खांद्यांचा आधार घेत, दुखरा पाय पुढे लांब करून खाली बसले. मला वाटलं, गुडघ्याने हात टेकले. पण त्यांनी मान मागे वळवली आणि मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज काढला.

"खाली बसा! ए, बैठो! पुढचे सगळे खाली बसा!"

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये गणपतीत दहा दिवस कार्यक्रम होत आणि त्यांची व्यवस्था बाबांकडे असे. नाटक असो की पडद्यावरचा सिनेमा, पुढच्यांना सतरंजीवर बसवल्याशिवाय ते पडदा उघडू देत नसत. पुढचे बसले की मागच्यांना दिसतं, आणि दिसायला लागलं की कोणी ढकलत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी आम्ही त्या सतरंजीवर बसलेलो आहोत, त्याच आवाजाला घाबरून.

"बाबा, तुडवतील तुम्हाला!" मी म्हटलं.

"बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी तुडवत नाही. बस तूही."

ती मुलगी आधी बसली. मग तिच्या मैत्रिणी बसल्या. मी बसले. साडी नाही, सलवार-कुर्ता आहे, हे बरं झालं असं तेव्हा मनात आल्याचं आठवतं. मुलीने मागे तोंड करून ओरडायला सुरुवात केली, "अरे बैठ जाओ यार, अंकल बैठे हैं! शो चाहिए कि नहीं?" आमच्या मागचे पाच-सहा जण बसले. त्यांच्या मागून कोणीतरी चिडवलं, "सत्संग है क्या?" आणि हसत हसत तोही बसला. एक सिक्युरिटी गार्ड धावत आला. "बाबूजी, यहाँ बैठना मना है, खड़े हो जाइए."

"खड़ा नहीं हो सकता, बेटा," बाबा म्हणाले. "घुटना देख." गार्डने गुडघा बघितला, मग मागे बघितलं, आणि निघून गेला. कारण तोवर चौकोनातली पुढची निम्मी माणसं खाली बसलेली होती. मागची उभी होती, पण जागच्या जागी. बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून सगळ्यांनाच स्टेज दिसत होतं. ढकलाढकल थांबली. पोलीस अधिकारी कुंपणापर्यंत आला, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने स्टेजकडे अंगठा वर केला.

चौघेही आले तेव्हा मैदानात जो आवाज झाला तो प्लायवुडमधून अंगात शिरला. गायक गळ्याला मफलर गुंडाळून होता. पुढचं मैदान असं मांडी घालून बसलेलं त्याने बहुधा कुठे बघितलं नसावं. त्याने डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं, माइकमध्ये काहीतरी बोलला, आणि आत हात केला. आतून एक उंच स्टूल आलं.

"काय म्हणाला तो?" बाबांनी मुलीला विचारलं.

"म्हणाला, तुम्ही बसलात तर मीही बसतो. माझेही गुडघे गेलेत."

बाबा मांडीवर थाप मारून हसले. आई गेल्यानंतर ते असे हसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

कार्यक्रम तुकड्यातुकड्यातच झाला. भाड्याचे स्पीकर मधूनच खरखरत. एकदा सगळा आवाज बंद पडला आणि ढोलवाला एकटाच वाजवत राहिला. गायकाला मध्येच खोकला यायचा, तेव्हा लोक त्याच्या ओळी पुऱ्या करायचे. बाबांनाही त्या ओळी येत होत्या. ते इंग्रजी शब्द त्यांच्या उच्चारांत म्हणत होते, माकडटोपी कानांवरून वर सरकवून. मला त्यातलं संगीत फारसं कळलं नाही. मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होते. दहा वाजण्याच्या आत दिवे लागले आणि चौघे वाकून नमस्कार करून गेले.

उठवायला आम्ही तिघी-चौघी लागलो. मुलीने बाबांना वाकून नमस्कार केला. "काका, पास झाले तर सांगायला येईन." मी तिला घरचा पत्ता दिला आणि उद्या घरच्यांना फोन कर, मग अभ्यासाला बस, अशी तंबीही.

टॅक्सीत बाबा कुरकुरत होते. ज्या एका लांबलचक गिटारच्या गाण्यासाठी त्यांनी इतका खटाटोप केला, तेच बँडने वेळेअभावी गाळलं होतं.

"तेच नाही वाजवलं," ते म्हणाले. "सगळं वाजवलं, तेच नाही."

"पुढच्या वेळी," मी बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली. आता ते त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणणार.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. विमानतळाजवळचे दिवे धुक्यात पिवळे झाले होते. उशी त्यांनी मांडीवर घेतली होती.

"ते गुडघ्याचं," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर किती दिवसांनी उभं राहता येतं म्हणाले होते डॉक्टर?"

"विचारते," मी म्हटलं.

"उद्याच विचार. आणि चष्म्याचंही बघ. त्या गायकाचं तोंड नीट दिसलं नाही मला."