वानराची शेड

झुलाल बैसाणेला आमच्या गावात सगळे ओळखत, आणि तो समोरून आला की सगळे तोंड फिरवत. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तो कामाला होता. खात्याचं नाव आरोग्य, आणि झुलालचं काम मेलेली जनावरं उचलण्याचं. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची बोंब झाली की पालिका गल्लोगल्ली विषाची भजी टाकी, आणि पहाटेपासून झुलालची हातगाडी फिरे. कुत्री, डुकरं, गटारात फुगलेली घूस, कुणाच्या माळ्यावर मरून पडलेलं मांजर, सगळं गोणपाटात भरायचं, गावाबाहेर न्यायचं, खड्डा खणून पुरायचं आणि वर चुना टाकायचा. गावाला त्याची फार काळजी. "पुढच्या दारानं कशाला येतोस, मागच्या बोळातून ये," असं लोक मायेनं सांगत. पाणी मात्र कुणी विचारत नसे. त्याला तहान लागत नसावी, असाच एकंदर समज होता.

गावाचं नाव मी सांगत नाही. धुळ्याहून अमळनेरला जाताना एसटीच्या खिडकीतून ते दिसतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर हे लोक माझा सत्कार करायचे.

झुलालचं स्वतःचं मागणं एकच होतं. बौद्धवाड्याची स्मशानाची जागा नाल्यापलीकडे. तिथं ना शेड, ना जायला रस्ता. त्याचा बाप भर श्रावणात वारला, तेव्हा सरण पेटवावं आणि पावसानं विझवावं, असं चाललं होतं. वाड्यातल्या माणसांनी आपापल्या घरांवरचे पत्रे काढून सरणावर धरले, हात भाजून घेतले, डबाभर रॉकेल ओतलं, तेव्हा कुठं दिवस मावळताना काम उरकलं. झुलालची आई द्रौपदाबाई नाल्याच्या अलीकडे भिजत उभी राहून हे बघत होती. त्या दिवसापासून म्हातारीनं धास्तीच घेतली. आभाळ भरून आलं की ती पोराला म्हणे, "भो, माले पानीमा नको जाळजो."

मग झुलाल दरवर्षी आरोग्य समितीच्या सभापतींकडे जाई. सभापती म्हणजे रुपचंद आबा. तेलाचा घाणा, दुमजली घर, मारुतीच्या पारावर कायमची बैठक. आबा मन लावून ऐकून घेत आणि म्हणत, "पुढच्या बजेटात नक्की." आबा शब्दाचे पक्के. दरवर्षी न चुकता हेच म्हणत.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. त्या उन्हाळ्यात गावात वानरांनी उच्छाद मांडला होता. कौलं फुटली, पापड गेले, आबांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा तर रोज फडशा पडू लागला. वानरांचा बंदोबस्त करा म्हणून पालिकेत सर्वांत मोठ्यानं आबाच ओरडले. पालिका काही करीना, तेव्हा आबांनी स्वतःच समाजकार्य केलं. रस्त्यावरच्या खांबाला आकडा टाकून एक उघडी तार गच्चीभर फिरवली. दुसऱ्याच दिवशी एक थोराड वानर तारेला चिकटून खाली अंगणात येऊन पडलं.

आबांनी झुलालला घाईनं बोलावलं, अर्थात मागच्या बोळातून. "गुपचूप उचल आणि लांब नेऊन पुर," म्हणाले. झुलाल गोणपाट उघडून वाकला, तोच शेजारच्या नर्मदाबाईनं माडीवरून पाहिलं आणि गळा काढला, "मारुतीराया गेले वं माय!" घटकेत अंगण भरलं. भजनी मंडळ आलं, टाळ आले. आबांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा तारेकडे पाहिलं, आणि डोळ्याला उपरणं लावून झुलालवर खेकसले, "दूर हो! देवाला हात लावतोस?"

झुलाल दूर झाला. तार कुणी लावली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण दुःखाच्या वेळी असले विषय काढत नाहीत.

अंत्ययात्रा अशी निघाली की अजून गावाला तिचा अभिमान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खांब, वानराच्या अंगावर भरजरी शाल, गुलाल, बँड. आबा पुढं अनवाणी. नाल्याच्या अलीकडे, सडकेला लागून असलेल्या पालिकेच्या मोकळ्या जागेवर समाधी करायचं ठरलं. तिथं गेल्यावर कळलं की जमीन मुरमाड आहे आणि टिकाव चालवायची कुणालाच सवय नाही. मग मागं उभ्या असलेल्या झुलालला हाक गेली. खड्डा खणायला शिवाशीव नव्हती. खड्डा झाल्यावर मात्र त्याला पुन्हा दूर उभं राहायला सांगण्यात आलं. दहाव्याला दहा-बारा जणांनी डोकी भादरली, तेराव्याला वरण-बट्टीची पंगत उठली.

तेवढ्यानं आबांचं मन भरेना. समाधीवर ऊन-पाऊस पडतो, देव भिजेल, शेड पाहिजे. पालिकेच्या सभेत विषय निघाला. मुख्याधिकाऱ्यांनी डोकं खाजवलं. वानरावर खर्च करायला नियमात सदर नव्हतं. बौद्धवाड्याच्या स्मशान शेडसाठी मात्र तरतूद होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच पडून होती. आबा म्हणाले, "स्मशान ते स्मशान. त्यांच्या नावानं बांधून टाका, कोण विचारतंय?" ठराव एकमतानं मंजूर झाला. झुलाल दारातच उभा होता, त्या वर्षीचं मागणं घेऊन आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गाडी ढकलत निघून गेला. पावसाळ्याआधी समाधीवर चार सिमेंटचे खांब आणि कोरे करकरीत पत्रे चढले. झाडलोटीचं काम आरोग्य खात्याकडे, म्हणजे झुलालकडेच आलं.

श्रावणात द्रौपदाबाई गेली. रात्रीपासून पावसानं झोडपून काढलं होतं आणि नाल्याला पूर होता. वाड्यातली माणसं म्हणाली, पाणी ओसरू दे, तोवर थांबू. झुलाल म्हणाला, नाही. त्यानं तिरडी उचलली, नाल्याकडे जाणारी वाट सोडली आणि सडकेनं सरळ शेडमध्ये नेली. समाधीच्या शेजारी सरण रचलं. बुद्धवंदना सुरू झाली.

आबा छत्री घेऊन धावत आले. "झुलाल, अरे हे काय? इथं देव आहे!"

"देव ऱ्हाऊ द्या आबा," झुलाल म्हणाला. "पन शेड आम्हनी शे. तुम्हनाच ठराव शे."

आबांनी मुख्याधिकाऱ्यांना बोलावून आणलं. त्यांनी आबांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की कागदावर शेड यांचीच आहे; प्रकरण कलेक्टरांकडे गेलं तर पैसे कुठं गेले हे निघेल, वानर कशानं मेलं हेही निघेल, आणि खांबावरचा आकडाही निघेल. आबांनी धर्माचा थोडा विचार केला आणि ते घरी गेले. बाहेर पाऊस कोसळत राहिला आणि आत म्हातारी शेवटपर्यंत कोरडी जळाली. मी सडकेवर उभा होतो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे कशाला लपवू?

पण मारुतीराया बाटले ना! गाव अस्वस्थ झालं. समाधी गोमूत्रानं धुतली, दुधानं धुतली, तरी पुढच्या प्रेताला ही माणसं पुन्हा इथंच येणार ही धाकधूक काही जाईना. तातडीची सभा भरली. इतकी वर्षं ज्याला म्हणे पैसा नव्हता, नियम नव्हता, बजेट नव्हतं, ते पोळ्याच्या आत झालं. नाल्यापलीकडे बौद्धवाड्याची नवी शेड उभी राहिली. न्यायानं जे जमलं नाही ते विटाळाच्या भीतीनं करून दाखवलं. आमचं गाव पुढारलेलं आहे ते असं.

उद्घाटनाला पाहुणे चपला हातात घेऊन, धोतरं वर खोचून नाल्याच्या चिखलातून पलीकडे गेले. खांबावर आबांच्या नावाची फरशी होती. आबांनी भाषणात समाजाची जुनी मागणी आपण कशी तडीस नेली ते सांगितलं आणि झुलालला आभाराचे दोन शब्द बोलायला पुढं केलं.

झुलालनं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं.

"शेड भेटनी आबा, पन तिनासाठे मनी मायले मरनं पडनं," तो म्हणाला. "आते रस्तासाठे कोन मरी, तेवढं सांगी द्या."