खोट सापडली नाही

जागेश्वर विणकर होता तेव्हा विणकर सोसायटीचा तपासनीस प्रत्येक लुगडं उजेडात धरून बघायचा. खोट सापडली नाही की शिक्का मारायचा, आणि एकदा शिक्का बसला की त्या लुगड्याबद्दल ब्रह्मदेवालाही बोलायची सोय नव्हती. माग बंद पडला, पण शिक्क्यावरचा हा विश्वास काही गेला नाही.

पोटासाठी तो नंदनवन वस्तीमागच्या मोकळ्या जागेत केबल जाळू लागला. लकडगंजच्या भंगारवाल्याला आतलं तांबं हवं असे. वरचं प्लास्टिक जळून काळी राख उरे आणि तिच्यात त्याच्या बायकोच्या, रुख्माबाईच्या, कोंबड्या दिवसभर उकरत. अंडी बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी, शामलासाठी असत.

चौऱ्याऐंशी साली प्रदूषण तपासणाऱ्या एका संस्थेच्या सुहासिनीबाई आल्या. त्यांनी राख घेतली, सहा अंडी घेतली. म्हणाल्या, "काकाजी, या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असू शकतं. राखेतून कोंबडीत, अंड्यातून आईत, दुधातून बाळात. निकाल येईपर्यंत शामलाला अंडी देऊ नका."

"बाळंतिणीच्या तोंडचा घास काढून राहिली ही बाई," रुख्माबाई फणकारली. पण जागेश्वरनं ऐकलं. आपल्याला आता काय व्हायचंय म्हणून अंडी स्वतः खाल्ली.

दीड महिन्यानं संस्थेचा कागद आला. शामलानं वाचला: केलेल्या तपासण्यांत धोका आढळला नाही. खाली गोल शिक्का. जागेश्वरचा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी त्यानं आपल्या हातानं चार अंडी उकडून लेकीपुढे ठेवली. राहिलेली कसर भरून काढायची म्हणून पुढे रोज.

दोन महिन्यांनी सुहासिनीबाई पुन्हा आल्या तेव्हा शामला बाळाला पाजत होती आणि शेजारी टरफलं पडली होती. जागेश्वरनं मोठ्या अभिमानानं कागद दाखवला. बाई तो वाचून खाली बसल्या.

"काकाजी, यात फक्त शिसं तपासलंय. डायॉक्सिन मोजायचं यंत्रच नाही आमच्याकडे. नमुने परदेशी पाठवायची मंजुरी आली नाही."

"मंग शिक्का काहून मारला, बाई?"

बाईंनी कागदाची घडी घालून तो त्याच्या हातात परत दिला.

"आता बंद केलं तं निघून जाईन का आंगातून?"

"असलंच, तर वर्षानुवर्षं निघत नाही. आहे की नाही, तेही मला सांगता येत नाही."

"दूध पाजू का नको?" शामलानं विचारलं.

"मला माहीत नाही गं."

जागेश्वरला स्वतःच्या हातांची किळस आली. शामलानं बाळाला छातीपासून दूर केलं. ते रडू लागलं. घरात दुसरं दूध नव्हतं. तिनं बापाकडे पाहिलं, आणि बाळाला पुन्हा पदराखाली घेतलं.