मामीने धुतलेल्या बाटल्या

बर्फाळ प्रदेशात जायची आमची ऐपत नाही, म्हणून आम्ही गरम पाण्याकडे गेलो. माझी बायको मीनल ध्रुवाकडच्या तळ्यांतल्या नील-हरित शेवाळाचा अभ्यास करते. ते आपल्या गरम झऱ्यांतल्या शेवाळासारखंच दिसतं, म्हणून दोघांना पूर्वीपासून एकच नाव. मीनल म्हणते, ही दोन्ही वेगळी आहेत. तिकडचा नमुना तिच्या प्रयोगशाळेत आहे, पण जनुकं जुळवून बघायची, तर इकडचा जिवंत नमुना हवा. तो मिळणार चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम कुंडाशी. शिवाय फैजपूरला तिची मामी आहे, त्यामुळे मला लगेच भरीत दिसू लागलं.

जळगावहून चोपड्याची एसटी पकडा आणि अडावदला उतरा. पुढे रिक्षा करावी लागते. परतीचंही तेव्हाच ठरवून टाका, वर दुसरी मिळत नाही. कुंडातून वाहणाऱ्या कोमट ओघळात मऊ हिरवी साय धरली होती. मीनलने ती चमच्याने खरवडून दोन बाटल्यांत भरली. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला शेवाळाचा हेवा वाटला.

संध्याकाळी केळीच्या बागांमधून फैजपूर गाठलं. मामीचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन मी आडवा झालो.

सकाळी बघतो तर दोन्ही बाटल्या ओट्यावर उन्हात लखलखत होत्या.

"व माय, कित्ती घाण धरली होती! राखेनं घासल्या," मामी कौतुकाने म्हणाली. "आता लोनचं भरून देते तुले."

माहेरवाशिणीचं भांडं मळकं किंवा रिकामं परत पाठवायचं नाही, ही तिथली रीत. मीनलने दोन्ही बाटल्या उचलून आत हिरवं काही उरलंय का ते पाहिलं. त्याच संध्याकाळी आमची पुण्याची गाडी होती.

काय झालं ते कळल्यावर मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पदर खोचला, शेजाऱ्याची जीप मागवली आणि म्हणाली, "चला, मी पन येते."

यावलमार्गे पुन्हा उनपदेव. परतताना भरलेल्या बाटल्या मामीच्या मांडीवर होत्या. मी हात लावायला गेलो, तर फटका बसला. गाडी मात्र मिळाली, आणि लोणचंही, मामीच्या स्वतःच्या दोन बाटल्यांत.

पुण्यात शेवाळ जगलं. काही महिन्यांनी निकाल आला: दिसायला सारखी, पण गोत्रं वेगळी. आता ध्रुवाकडच्याला नवं नाव मिळणार. मीनलने पहिला फोन मामीला केला.

"अन आपल्याचं?" मामीने घाबरत विचारलं.

"आपल्याचं जुनंच राहिलं, मामी. ते नाव मुळात त्याचंच होतं."

"मंग बरं झालं बापा," मामी म्हणाली आणि रडायला लागली.

लोणचं कधीच संपलं. मामीच्या दोन्ही बाटल्या घासून ठेवल्यात, पण त्या रिकाम्या परत कशा पाठवायच्या?