पासिर रिसचा मॉन्टेनेग्रो

मॉन्टेनेग्रो या देशावर आमच्या भाऊजींइतकं प्रेम खुद्द मॉन्टेनेग्रोतही कोणी करत नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामेभाऊ. मूळचे पुण्याचे, वीस वर्षं सिंगापुरात. दिवसभर ते कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळतात आणि उरलेल्या वेळात हा चिमुकला देश. तो इटलीसमोर समुद्राकाठी आहे आणि एवढ्याशा जागेत त्याची पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत, ही माहिती मी कधीही मागितली नव्हती. ती मला सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आमटी वाढता वाढता, हप्त्याहप्त्याने मिळाली. लोव्चेन, स्कादर, दुर्मितोर, बियोग्राद्स्का गोरा आणि प्रोक्लेतिये ही नावं आमच्याकडे नातेवाइकांसारखी घेतली जातात. “दुर्मितोरला यंदा लवकर बर्फ पडलं,” असं भाऊजी काळजीने म्हणाले, की माझा नवरा “अरे अरे” म्हणतो आणि कोशिंबीर पुढे करतो.

याचं मूळ त्यांच्या लेकीच्या शाळेत आहे. वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेका देशाचा प्रोजेक्ट दिला, तेव्हा तिच्या वाट्याला मॉन्टेनेग्रो आला. तिने दोन आठवड्यांत तो उरकला, चांगले मार्क मिळवले आणि विसरून गेली. वडील मात्र तिथेच राहिले. आता ती नोकरीला लागली आहे आणि अजून फोनवर सिंगापुरी इंग्रजीत समजावते, “पप्पा, इट वॉज जस्ट वन प्रोजेक्ट लाह.” भाऊजींच्या मते प्रोजेक्ट अपुरा होता. त्यात प्रोक्लेतियेवर फक्त तीन ओळी होत्या.

दिवाळीत आपल्याकडे मुलं किल्ला करतात. सिंगापुरात पासिर रिसला, आपल्या नवव्या मजल्यावरच्या घराच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये, भाऊजी स्वतः किल्ला करतात, आणि तो किल्ला म्हणजे अख्खा मॉन्टेनेग्रो असतो. डाव्या अंगाला लोव्चेन, खाली चपटं स्कादर, वर दुर्मितोरची शिखरं, मधून तारा नदीची खोल घळ. जंगलासाठी अळीव पेरलेले. पुण्याहून आणलेले मातीचे मावळे दुर्मितोरच्या कड्यावर भाले घेऊन उभे. शेजारची चिनी आंटी रोज सकाळी थांबून पाहणी करते. “अंकल, युवर फॉरेस्ट ड्राइंग लाह,” म्हणते आणि स्वतःच्या झारीने पाणी घालते. एका वर्षी त्यांनी दुर्मितोरच्या काळ्या तळ्यात खरं पाणी भरलं. त्याच आठवड्यात डासांच्या अळ्या शोधणारी तपासनीस बाई मजल्यावर आली. तिने टॉर्च मारून विचारलं, हे काय आहे? भाऊजी अदबीने म्हणाले, “ग्लेशियल लेक, मॅडम.” बाई म्हणाली, “ग्लेशियल ऑर नॉट, मस्ट थ्रो.” तेव्हापासून काळं तळं आरशाचं झालं.

एवढं सगळं असून भाऊजी तिथे कधी गेले नव्हते. तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं. मी प्रत्येक बेताची यादी करते, आणि या बेतापुढे मला कारणांचा वेगळा रकाना आखावा लागला. पहिलं कारण, त्या महिन्यात पानगळ सुरू होते. दुसरं, हिवाळ्यात बर्फ कमी पडलं, तळी उतरली असतील. तिसरं, पासपोर्टवरच्या फोटोत ते आजारी दिसतात. शेवटी मी जाऊबाईंना बाजूला घेतलं.

“अगं, भितात ते,” त्या म्हणाल्या. “मला एकदाच म्हणाले, तिथं तसं नसलं तर मी पुढे काय करू?”

हे ऐकून शहाण्या बाईने गप्प बसायला हवं होतं. मला अर्धवट राहिलेली ओळ बघवत नाही. मी चौघांची तिकिटं काढली, औषधांचे तीन डबे भरले, नऊ दिवसांत पाच उद्यानं बसवली आणि भाऊजींना चांगी विमानतळावर विमानात नेऊन बसवलं. इस्तंबूलला विमान बदलताना ते स्वच्छतागृहात गेले आणि इतका वेळ आले नाहीत, की मी नवऱ्याला दारावर उभं केलं.

सुरुवात छान झाली, कारण लोव्चेनवर धुकं होतं. शेकडो पायऱ्या चढून वर गेलो तर स्वतःचे बूटही नीट दिसेनात. हिरमुसलेले प्रवासी परतायला लागले, तर भाऊजी पुढे झाले. “तिकडे कोतोरचं आखात,” त्यांनी पांढऱ्या धुक्यात हात केला आणि इंग्रजीत सुरू झाले. इकडे स्कादर, त्यापलीकडे अल्बानिया. वीसेक माणसं त्यांच्या बोटाकडे बघून माना डोलवत होती. एका बाईने तर फोटोही काढला. स्कादरला होडीतून पेलिकन दिसले, पण लांबून, म्हणजे तिथेही त्यांना बोलायला वाव होता.

चौथ्या दिवशी काळं तळं आलं. लख्ख ऊन होतं. पाइनचं जंगल थेट काठापर्यंत उतरलेलं, समोर राखाडी कडा, आणि तो कडा जसाच्या तसा पाण्यात. माझ्या यादीत तिथे चाळीस मिनिटं होती. भाऊजी एका दगडावर बसले ते तीन तास उठले नाहीत. मी दोनदा घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, मी तळं फारच लहान करत होतो हो.” चूक पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यानंतर ते बोलायचेच थांबले. बियोग्राद्स्का गोराच्या शेकडो वर्षं जुन्या झाडांखालून आम्ही चाललो, तर ही झाडं कसली हे मला पाटी वाचून कळलं. रात्री जेवताना नवऱ्याने मुद्दाम तारा नदीचं नाव चुकीचं घेतलं. भाऊजींनी मीठ मागितलं. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी माझ्या ताटाकडे.

शेवटच्या सकाळी प्रोक्लेतिये होतं, पाचवं. कोलाशिन गावातल्या आमच्या मुक्कामाच्या घरापुढे मी भाड्याची गाडी सुरू केली. डबा, पाणी, जॅकेट सगळं आत. भाऊजी अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले.

“चला भाऊजी, उशीर होतोय.”

“तुम्ही या जाऊन, वहिनी. मी नाही येत.”

“अहो, एवढं एकच राहिलंय.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “चार बघितली. फार सुंदर आहेत. माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर केलीत. पण एक माझ्याकडे राहू द्या.”

मी गाडी बंद केली. नवऱ्याने मागचा डबा काढला आणि झाडाखाली आणला. जाऊबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी वाढली.  मग मी विचारलं, “त्या प्रोक्लेतियेत आहे तरी काय एवढं?”

भाऊजींनी हातातली दशमी खाली ठेवली. “अहो, नावाचा अर्थच शापित डोंगर,” ते म्हणाले, आणि घळी, कुरणं, हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या एकामागून एक झाडाखाली येऊन उभ्या राहिल्या. सावली सरकली तशा आम्ही खुर्च्या सरकवल्या. गाडी परत करायची वेळ झाली हे सांगायला मी उठले. ते तेव्हा एका खिंडीत होते, पलीकडे अजून दोन शिखरं शिल्लक होती. मी पुन्हा बसले.