सवतीची घोडी

डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवूनच गजरा बाभळीला टेकते, आणि तिथंच फसते. ऊन डोक्यावर आलंय. मेंढरं चरायला लांब गेलीत. तळावर म्हातारे मल्हारीआबा तेवढे आहेत, तेही तोंडावर पटका ओढून आडवे झालेत. समोर तांबडी घोडी पवळी पडलीय. काल चारा खाल्लेली, पोटभर पाणी प्यालेली, चांगली धडधाकट घोडी. आज सकाळपासून मान वळवून आपल्याच पोटाकडं बघते, पाय आपटते, धाडकन आडवी होते नि गडाबडा लोळते. अंगाला गार घाम सुटलाय. ताकातून हिंग-ओवा पाजून झाला, पोट चोळून झालं, पण लीद काही टाकत नाही. शेवटी गजराचा नवरा धुळा ज्याच्या शेतात तळ आहे त्या मळेवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजारगावातून जनावरांचा डॉक्टर आणायला धावलाय.

उद्या सगळ्या वाड्याला, म्हणजे तळावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना, घाट उतरायचा आहे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं घर घोड्याच्या पाठीवर असतं, आणि एका बिऱ्हाडासाठी अख्खा वाडा खोळंबत नाही. घोडी गेली तर संसार डोक्यावर घेऊन घाट उतरायचा, आणि गजराला सातवा महिना आहे.

कशानं झालं ते कुणाला सांगता येत नाही. बायका मात्र सकाळी तळावरून जाईपर्यंत गजराच्या रिकाम्या गळ्याकडं बघत होत्या. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीचा इवलासा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा घास आधी तिला लावायचा, म्हणजे ती डूख धरत नाही. गजरानं ठकूला लग्नापासून अशी गळ्यात वागवली. पण धुळाच्या तोंडी उठता बसता ठकूच. ठकूची भाकरी अशी, ठकू घोडी लादायची ती तशी, ठकू तापात होती तरी घाट हसत उतरली. काल परत तेच ऐकलं आणि गजराच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं गळ्यातला टाक काढला आणि पवळीच्या गळ्यात बांधला. पवळी ठकूच्या माहेरची. घे तुझी घोडी, बस तिच्याच उरावर. सकाळी बघते तर घोडी आडवी, टाक तिच्या आयाळीत अडकलेला. सोडवायला हात पुढं केला, पण धीर झाला नाही.

पापणी जड होते. बाभळीची सावली पायावरून पोटावर येते.

"तिच्या डोळ्यावरच्या माशा वार की गं," कुणीतरी म्हणतं.

गजरा हात उचलते. माशी एकही नाही. पवळीच्या डोक्याशी एक बाई उकिडवी बसलीय. हिला गजरानं जिवंतपणी कधी पाहिलेलं नाही, पण हे कपाळ, हे रुंद ओठ तिनं रोज राखेनं घासलेत. घासून घासून टाकावरचं नाक बोथट झालंय. या बाईचंही नाक तसंच बोथट आहे.

"आक्का," गजरा म्हणते.

"व्हय. इतकं दिस गळ्यात लटकले, पर एक शबुद बोलली न्हाईस माझ्यासंगं."

"घोडी सोड."

"का म्हनून? तूच दिलीस. टाक जिच्या गळ्यात ती माझी. एवढंबी ठावं न्हाई व्हय तुला?"

गजराला आता उमगतं. रागाच्या भरात सूड घ्यायला गेली आणि घोडी आपल्या हातानं सवतीच्या पदरात टाकून बसली.

ठकू उठते तशी पवळीही उठते. पायाखाली आता शेत नाही, घाटाची वाट आहे. दगड निसटतायत आणि त्यांचा आवाज येत नाही. पवळीच्या पाठीवर वाकळा, भांडी, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यांच्या वर ओली कोकरं आरामात बसलेली. ठकू शेपूट धरून मागं चालतेय. तिच्या अंगाची धग गजराला लागते.

"रातीच जल्मली हुती ती," ठकू कोकरांकडं मान करते. "मी म्हनलं, पाय उचलत न्हाई, मला जरा बसू द्या. तर म्हनला, घोडीची पाठ मोडंल. आन् धनगराची बाई घोडीवर बसल्याली कुनी बघितलीया?"

"मंग?"

"मंग काय. शेपूट धरून उतरले. खाली आले आन् बसले ती बसलेच."

"ते तर सांगत्यात, तू हसत उतरलीस."

ठकू वळून बघते. "हसत न्हवते गं. दात वाजत हुतं माझं."

गजराला पुढं पाऊल टाकवत नाही. इतके दिवस ती या बाईच्या हसण्यावर जळत होती. आता तो जाळ तसाच आहे, फक्त त्याचं तोंड फिरलंय. धुळा आत्ता समोर आला तर त्याचं काय करेल, तिचं तिला सांगता येणार नाही.

वळणापलीकडं बाजार भरलाय. सगळ्या पालांवर नुसत्या औषधाच्या बाटल्या. त्यांच्यामधून धुळा धावतोय, दोन्ही हात भरलेत, तरी आणखी उचलतोय. त्याची पाठच दिसते.

"बघ कसा पळतोय," ठकू म्हणते. "माझ्यासाठी वाडा घटकाभर थांबवला न्हाई त्यानं. बाई मेली, दुसरी आली. त्याला काय कळलंच न्हाई. घोडी मेली म्हंजी कळंल. म्हनून नेनार."

"न्हे की," गजरा म्हणते. तिचा आवाज चढतो. "पर ओझं कुनाच्या डोक्यावर येनार? त्याच्या? माझ्या. डाव धरायचा त्याच्यावर आन् मरायचं मी. मंग तिसरी ईल. तुझा आन् माझा, दोन टाक गळ्यात घालंल. आन् त्यो तिला सांगंल, गजराबी हसत उतरली."

ठकू शेपूट सोडते. पवळी थांबते. बाजार, पालं, बाटल्या, सगळं धुरकटतं, आणि त्या दोघी बाभळीखाली समोरासमोर बसलेल्या असतात.

"मंग काय करू म्हंतीस?"

"घोडी मला दे. तू म्हागारी माझ्या गळ्यात ये. उंद्या घाटात सगळ्या वाड्यादेखत मी घोडीवर बसते. संगं तू. वझं त्यो घिऊन उतरंल."

"आन् ऐन टायमाला भ्यालीस तर?"

"तर घोडी नगं. मलाच ने."

ठकू हसते. या खेपेला दात वाजत नाहीत. ती पवळीच्या शेपटीचे केस उपटते, मांडीवर ठेवून तळव्यानं वळते, चांगला पीळ देते.

"वाक जरा," ती म्हणते.

गजरा मान वाकवते.

मोटरसायकल फटफटत तळावर येते. गजरा डोळे उघडते. पवळी चारी पायांवर उभी आहे, अंग झाडतेय, आणि तिच्या मागं ताज्या लिदीची वाफ निघतेय. मल्हारीआबा उठून बसलेत नि डोळे चोळून घोडीकडं बघतायत. डॉक्टर घोडीच्या कुशीला कान लावतो, हिरड्या बघतो, आणलेली सुई परत पेटीत ठेवतो.

"पोट सुटलं," तो म्हणतो. "कशानं धरलं होतं कोण जाणे. पण आता धोका नाही."

"उंद्या लादता ईल न्हवं?" धुळा पहिलं तेच विचारतो.

गजराचा हात गळ्याशी जातो. पवळीचा गळा मोकळा आहे. टाक तिच्या स्वतःच्या गळ्यात आहे, आणि काल होता तो काळा दोरा नाही. तांबड्या केसांचा घट्ट पीळ आहे. गाठ मानेमागं इतकी आवळून बसलीय की तिच्यात नख शिरत नाही.

"आवं," ती म्हणते, "उंद्या भांडी नि वाकळा तुमी घ्यायच्या. घोडीवर मी बसनार."

धुळा हसतो. "डोस्कं फिरलं का? आपल्यात बाया बसत्यात व्हय? ठकू तापात हुती तरी..."

"हसत न्हवती ती," गजरा म्हणते. "दात वाजत हुतं तिचं."

हे धुळानं कुणाला सांगितलेलं नाही. त्या उतारावर मागं वळून पाहिलं होतं ते त्यानं एकट्यानंच. त्याचं हसू तोंडावरच वाळतं. तो गजराच्या गळ्याकडं बघतो, तांबड्या पिळाकडं बघतो, मग पवळीकडं. मागं सरता सरता तो आधाराला हात लांबवतो, आणि हाताला घोडीचं शेपूट येतं.

"घट धरा," गजरा म्हणते. "उंद्या तसंच उतरायचंय."