हुसेनचाचांची मुन्नी

चढ आला की हुसेनचाचा टांग्यातून खाली उतरत आणि गिऱ्हाइकालाही उतरवत. एका वकिलांनी कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "सायब, पाय तुमालाबी हायत की. मुन्नीनं काय तुमचं खाल्लंय?" वकील मुकाट चालू लागले. मुन्नी म्हणजे चाचांची तांबूस घोडी. सोलापूर स्टेशनाबाहेरच्या टांगा स्टँडवर दोघांनाही मान होता.

माझी त्यांची ओळख जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात झाली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सत्तरच्या दशकात एका विलायती संस्थेनं या दवाखान्याला हात दिला. औषधं आली आणि दर हिवाळ्यात त्यांचा एक गोरा डॉक्टर, सगळ्यांचा 'साहेब', येऊन शिबिरात इथल्या लोकांना शिकवू लागला. त्याचं बोलणं टांगेवाल्यांना मराठीत सांगायला मी जात असे.

पहिल्या शिबिराला कुणी फिरकेना. शेवटी चाचा आले. साहेबानं मुन्नीचा काटेरी लगाम काढायला सांगितला, तेव्हा स्टँडवरचे लोक ओरडले, "घोडी उधळंल, चाचा!" चाचांनी तो काढला, साधी दोरी बांधली आणि तिला नव्या पेठेच्या गर्दीतून फिरवून आणलं. म्हणाले, "ती माझ्या शब्दावर चालती. काटं तुमच्या भ्यापायी हुतं." मग सगळ्यांनीच आपली घोडी आणली. साहेबाच्या भरवशावर नव्हे, चाचांच्या.

पुढे एका हिवाळ्यात मुन्नीच्या खुरात पू झाला. तिला पाय टेकवेना. साहेब आणि दवाखान्याचे आमचे डॉक्टर बाजूला जाऊन हळू आवाजात बोलले. मग साहेब मला म्हणाला, "आज इथं ठेवून जा, उद्या या, असं सांगा."

"बरी हुईल न्हवं, बाई?" चाचांनी विचारलं.

मी ते साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "तिला आता त्रास होणार नाही." मी आनंदानं ते चाचांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चाचा लसूणघासाची पेंढी घेऊन आले. अंगणात मुन्नी ताडपत्रीखाली होती.

"पाय सुधारण्यातला नव्हता," आमचे डॉक्टर म्हणाले. "तुम्ही हो म्हणाला नसता, म्हणून बोललो नाही." साहेबाचे डोळे भरले होते. आपण दया केली, असं त्याला मनापासून वाटत होतं. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. काल त्यानं माझ्याच तोंडून ते वाक्य वदवून घेतलं होतं.

चाचांनी पेंढी खाली ठेवली. "मारायचं हुतं तर मारायचं म्हनायचं की. म्या तिचं डोस्कं मांडीवर घेतलं असतं."

पुढच्या हिवाळ्यात शिबिराचं अंगण रिकामं राहिलं. डॉक्टरांनी मला चाचांकडे पाठवलं. ते आता चादरींच्या एका गोदामात गठ्ठे उचलत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"चाचा, शिबिराला जाऊ नका, असं तुम्ही स्टँडवर सांगितलंत का?"

"न्हाय. म्या कुनाला कायबी बोललो न्हाय. लोकास्नी डोळं हायत."

"त्यांनी मलाही फसवलं, चाचा. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. मी चहा संपवला. मग कप उचलता उचलता ते हळूच म्हणाले, "तुमी लई चांगल्या हाय, बाई. पर आता तुमी कायबी सांगितलं, तरी मला त्या सायबाचंच ऐकू येतं."